४.८८ ते २.७३ आणि परत: जीपच्या अ‍ॅक्सलमधल्या आकड्याचा इतिहास



या मालिकेच्या श्रोत्यांकडून मला एक प्रश्न वारंवार येतो. चंदीगडहून येतो, बंगळुरूहून येतो, नाशिक-कोल्हापूरहून तर येतोच. "गाडीला मोठे टायर टाकले. दिसायला झकास झाली, पण आता ओढतच नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, पाचवा गिअर तर नावालाच उरला. क्राउन-पिनियन बदला असं मेकॅनिक म्हणतो. कुठला रेशो घेऊ?"

याचं उत्तर एका गुणाकारात देता येतं, आणि ते मी पुढे देणारच आहे. पण नुसता गुणाकार सांगितला तर तो आकडा मुळात तिथे कुणी ठेवला आणि का ठेवला, हे कळत नाही. माझं म्हणणं असं आहे, की अ‍ॅक्सलमधला आकडा म्हणजे ही गाडी कुणासाठी आणि कशासाठी बनवली याचा घेतलेला निर्णय असतो. टायर बदलला की तो निर्णय आपण नकळत फिरवतो. हे नीट समजायला आपण जीपची ऐंशी वर्षं चाळू.

आकडा म्हणजे नेमकं काय

इंजिनाकडून प्रॉपेलर शाफ्ट फिरत मागे येतो. त्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. पिनियन एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, ते क्राउन. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागलं की आपला रेशो मिळतो. क्राउनला ३९ दाते आणि पिनियनला ८ दाते असतील, तर ३९ भागिले ८, म्हणजे ४.८८. शाफ्ट ४.८८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं.

आकडा जितका मोठा तितका जोर जास्त आणि वेग कमी. आकडा लहान, तर वेग जास्त आणि जोर कमी. गॅरेजमध्ये इथेच घोळ होतो, कारण मोठ्या आकड्याला तिथे 'लो' म्हणतात आणि लहान आकड्याला 'हाय'. मी आज 'मोठा आकडा' आणि 'लहान आकडा' एवढंच म्हणेन.

आता टायर. टायर हा या साखळीतला शेवटचा गिअरच आहे. मोठा टायर एका फेरीत जास्त रस्ता कापतो, म्हणून तेवढीच फेरी मारायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. टायर मोठा केला की कारखान्यानं बसवलेला आकडा आतून न बदलताही लहान झाल्यासारखा वागतो. आजची सगळी कहाणी या एका वाक्यावर उभी आहे.

१९४०: सैन्याला काय हवं होतं

जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्यानं हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीसाठी कंपन्यांकडे मागणी केली. मुदत अगदी थोडी होती. बँटम या छोट्या कंपनीनं सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना होलाबर्डच्या छावणीत नेऊन उभा केला. त्यामागोमाग विलिस आणि फोर्डही आले. पुढे विलिस एमबी आणि तिचीच जुळी फोर्ड जीपीडब्ल्यू अशा सहा लाखांहून जास्त गाड्या युद्धकाळात बनल्या.

विलिसचं इंजिन चार सिलिंडरचं, साधारण ६० अश्वशक्तीचं. आज मध्यम आकाराच्या मोटारीत यापेक्षा जास्त ताकद असते. गिअर तीनच. टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे उंचीला सुमारे २८ ते २९ इंच. आणि दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये ४.८८.

हाच आकडा का, ते हिशेब करून पाहू. एमबीचा पहिला गिअर २.६६, ट्रान्सफर केसचा लो १.९७ आणि अ‍ॅक्सल ४.८८. तिघांचा गुणाकार सुमारे २५.६. म्हणजे इंजिन १००० आरपीएमवर फिरत असताना गाडी ताशी ५ किलोमीटरच्या थोडी वर चालते. इंजिन त्याहून संथ ठेवलं, तर ती शिपायाच्या पायी चालीच्या बरोबर राहते. दुसऱ्या टोकाला तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रान्सफर केस हायवर असताना हीच गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचू शकते. चिखलात पायदळासोबत सरपटायचं आणि मोकळ्या रस्त्यावर निरोप घेऊन पळायचं, ही दोन टोकं तीनच गिअरमध्ये बसवायची होती. ४.८८ हा त्यातला मध्यबिंदू होता.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. टायर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि अ‍ॅक्सल हे चारही एकाच हिशेबातून आले होते. त्यातलं एक हलवलं की उरलेल्या तिघांचा ताळा चुकतो.

१९४५: तीच गाडी, पण शेतकऱ्यासाठी

युद्ध संपत आलं आणि विलिससमोर प्रश्न उभा राहिला, की आता ही गाडी कोण घेणार? त्यांनी शेतकऱ्याकडे पाहिलं. १९४५ मध्ये सीजे-२ए आली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. नांगर ओढावा, पीटीओवर यंत्रं चालवावीत आणि संध्याकाळी त्याच गाडीनं बाजारात जावं, अशी कल्पना होती.

वरवर पाहिलं तर गाडी तीच दिसते. टायरही त्याच ६.००-१६ मापाचे. पण आत तीन ठिकाणी बदल केला होता. नव्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८० झाला, ट्रान्सफर केसचा लो १.९७ वरून २.४३ वर गेला आणि अ‍ॅक्सलमध्ये ४.८८ च्या जागी ५.३८ आला, म्हणजे क्राउन ४३ दाते, पिनियन ८. गुणाकार करा. २५.६ चे साडेछत्तीस झाले. त्याच १००० आरपीएमला गाडी आता ताशी पावणेचार किलोमीटरवर चालते. बैलामागून चालणाऱ्या माणसाचा वेग साधारण हाच. सैन्याचा आकडा शेताचा झाला.

याची किंमत रस्त्यावर मोजावी लागली. ५.३८ आणि २८-२९ इंची टायर असताना ताशी ८० ला इंजिन ३१०० आरपीएमच्या वर जातं. ज्यांनी जुन्या पेट्रोल जीपमधून प्रवास केलाय त्यांना आठवत असेल, साठपर्यंत गाडी खुशीत असते आणि ऐंशीला ओरडायला लागते. त्यात इंजिनाचा दोष नाही. अ‍ॅक्सलमधला नांगराचा आकडा बोलत असतो.

हाच आकडा मुंबईत आला. ऑक्टोबर १९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मुहम्मद' कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनीचं नाव १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विलिसचे सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि माझगावला जीप जोडल्या जायच्या. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आपल्याकडे रुजली. तिच्याही अ‍ॅक्सलमध्ये ५.३८.

अमेरिकेतल्या शेतात ही गाडी ट्रॅक्टरपुढे फार टिकली नाही. पण तिचा आकडा आपल्याला फार मानवला. आपले रस्ते कच्चे, वेग कमी आणि ओझं भरमसाट. सांगली-साताऱ्याकडचं वडाप आठवा. बसायची जागा आठ-नऊ जणांची, आत पंधरा-वीस माणसं, टपावर गाठोडी, आणि तरीही जीप चढावर थांबून परत उचलायची. ५.३८ नसता तर क्लच प्लेटनं केव्हाच राम म्हटलं असतं.

डिझेल आल्यावर हिशेब पुन्हा बदलला. डिझेल इंजिन कमी आरपीएमला जोर देतं आणि पेट्रोलइतकं वर फिरत नाही. त्यामुळे ५.३८ घेऊन डिझेल लावलं तर गाडी लवकर दमते, वेग येत नाही. अशा इंजिनाला अ‍ॅक्सलमधला आकडा लहान हवा. म्हणून जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवणाऱ्यांनी अ‍ॅक्सलकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेल महागलं, आकडा उतरला

आता परत अमेरिकेत जाऊ. १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला. १९७४ मध्ये तिथे महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. १९७५ च्या कायद्यानं कंपन्यांवर सरासरी इंधनवापराची बंधनं घातली. इंधन वाचवायचा सर्वांत स्वस्त उपाय कुठला? अ‍ॅक्सलमधला आकडा लहान करणं. त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं, पेट्रोल कमी जळतं, आणि कारखान्याला नवं इंजिन बनवावं लागत नाही.

त्यामुळे १९८० च्या दशकातल्या सीजे-७ मध्ये २.७३ पर्यंतचे आकडे दिसतात. ५.३८ च्या जवळपास निम्मे! पुढच्या रँगलरच्या चार लिटर इंजिनाबरोबर ३.०७ हा नेहमीचा आकडा होता. इंजिन ताकदवान, गिअर पाच, टायर जेमतेम २८ इंची, त्यामुळे कारखान्याचा हिशेब चुकीचा नव्हता. महामार्गावर कामाला जाणाऱ्या माणसासाठी तो बरोबरच होता. मात्र गाडी कुणासाठी आहे, हे पुन्हा एकदा बदललं होतं.

टायर वाढले

याच काळात दुसरीकडे उलट चाललं होतं. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवर १९५३ पासून जीपवाले दरवर्षी जथ्यानं जात होते. तिथे रस्ता असा नाहीच, नुसते धोंडे. धोंड्यावरून जायचं तर अ‍ॅक्सलचा मधला गोळा जमिनीपासून उंच हवा, आणि तो उंच करायचा एकच खरा मार्ग म्हणजे मोठा टायर. स्प्रिंगा उंच केल्या तर वरची बॉडी उचलली जाते, अ‍ॅक्सल आहे तिथेच राहतो. म्हणून टायर ३१ इंचांवर गेले, मग ३३, मग ३५.

आता ३.०७ वाली रँगलर घ्या आणि २८ च्या जागी ३३ इंची टायर टाका. ३.०७ गुणिले २८ भागिले ३३, म्हणजे २.६०. मालकानं काहीही न उघडता अ‍ॅक्सलमध्ये जणू २.६० बसवला! पाचवा गिअर ०.७९ चा असल्यानं ताशी ८० ला इंजिन सव्वा बाराशे आरपीएमवर येतं. तिथे त्याला दमच नसतो. गाडी थरथरते, चौथा मागते आणि चढावर तिसरा. त्यात मोठा टायर नुसता उंच नसतो, जडही असतो आणि रुंदही. तो फिरवायला आणि थांबवायला जास्त कष्ट पडतात, आणि ते या गुणाकारात आलेलेच नाहीत.

हे दुखणं ओळखून हौशी लोक क्राउन-पिनियन बदलायला लागले. ४.१०, ४.५६, ४.८८, आणि थेट ५.३८ सुद्धा. जुन्या युद्धाचे आणि शेताचे आकडे दुकानात परत आले. शेवटी कारखान्यानंही मान्य केलं. २००३ च्या रँगलर रुबिकॉनमध्ये कारखान्यातूनच ३१ इंची टायर, ४.१० चे अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केसचा लो चक्क ४ चा आला. २०२१ मध्ये फोर्डनं ब्रॉन्कोच्या सॅस्क्वॉच पॅकेजमध्ये ३५ इंची टायरबरोबर ४.७० दिला आणि जीपनं एक्स्ट्रीम रेकॉनमध्ये ३५ इंचीबरोबर ४.५६. ऐंशी वर्षांनी काटा ४.८८ च्या आसपास आला. फरक एवढाच, की तेव्हा गिअर तीन होते, आता आठ-दहा आहेत. त्यामुळे मोठा आकडा घेऊनही महामार्गावर इंजिन शांत राहतं.

मग निवडायचं कसं

पहिली पायरी सोपी आहे. आताचा रेशो गुणिले नव्या टायरची उंची, भागिले जुन्या टायरची उंची. समजा ४.१० आहे आणि टायर २९ वरून ३३ वर नेताय. उत्तर ४.६७. हा आकडा बाजारात बहुधा मिळत नाही. जवळचे दोन म्हणजे ४.५६ आणि ४.८८.

या दोघांतून निवडताना गाडीचा वापर बघा. बराचसा प्रवास महामार्गावर आणि इंजिन दमदार असेल तर ४.५६. डोंगर, सामान, छोटं इंजिन असेल तर ४.८८. सर्वांत वरच्या गिअरमध्ये तुमच्या नेहमीच्या वेगाला इंजिन किती फिरेल ते काढा आणि त्या आरपीएमला त्या इंजिनाला जोर असतो का, ते पाहा. माझा कल विचाराल तर अडलं तिथे मोठ्या आकड्याकडे, कारण जड टायरचा हिशेब गुणाकारात धरलेला नसतो.

दुसरी गोष्ट, अ‍ॅक्सलचा आकडा एकटा वाचू नका. आपल्या जिप्सीचं उदाहरण घ्या. १९८५ मध्ये आलेली, ९७० सीसीची ही गाडी सुझुकीच्या एसजे४१० कुळातली. त्या एसजे४१० च्या अ‍ॅक्सलमध्ये ४.११ असतो. जीपपेक्षा कमी वाटतो ना? पण तिची ट्रान्सफर केस हायवरही १.५८ नं गुणते. प्रत्यक्षात साडेसहा झाले. छोटं इंजिन डोंगर चढतं ते या दुहेरी गुणाकारामुळे. एक आकडा बघून दोन गाड्यांची तुलना केली तर फसगत ठरलेली.

तिसरी गोष्ट, आकडा वाढवला की त्याच घरात पिनियन लहान होतं. दाते कमी, त्यामुळे एका वेळी भार घेणारे दातेही कमी. मोठ्या टायरचा झटका त्याच लहान पिनियनवर येतो. काही अ‍ॅक्सलमध्ये ठराविक आकड्यापुढे आतला कॅरिअरच बदलावा लागतो. डाना ३० मध्ये ही रेघ ३.५४ आणि ३.७३ च्या मध्ये आहे, डाना ४४ मध्ये ३.७३ आणि ३.९२ च्या मध्ये. खर्चाचा अंदाज करताना हे आधी विचारा.

चौथी, फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही अ‍ॅक्सल बदलायचे. पैसे वाचवायला फक्त मागचा बदलला आणि मग फोर बाय फोर टाकला, तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरायला बघतात आणि ट्रान्सफर केस मध्ये पिळली जाते. आणि हे काम बसवणाऱ्याच्या हाताचं आहे. शिम घालून पिनियनची खोली, क्राउनचा बॅकलॅश, बेअरिंगचा ताण हे सगळं जुळवावं लागतं. दात्यांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते बघणारा मेकॅनिक शोधा. ते न केल्यास काही हजार किलोमीटरांत अ‍ॅक्सल हुंदके द्यायला लागतो.

आपल्या घाटातला धोका

आतापर्यंत आपण चढाबद्दल बोललो. खरी भीती उताराची आहे. मोठ्या टायरवर आकडा लहान झाल्यासारखा वागतो, तेव्हा इंजिनाचा ब्रेकही तेवढाच सुटतो. ज्या गिअरमध्ये गाडी पूर्वी आपोआप धरून राहायची, त्यात ती आता पळते. सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो, आणि टायर जड झाल्यानं ते ब्रेक आधीच कमी पडत असतात. शिवाय २८ च्या जागी ३३ टाकले तर मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ९४ नं धावत असते. आंबेनळी असो, मनालीचा रस्ता असो, की वालपराईची वळणं, हे तिन्ही एकत्र आले की गाडीत बसलेल्यांच्या जिवाशी खेळ होतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीविरुद्ध फेरफार करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात ते स्पष्ट केलं. म्हणून टायर घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हीकडे विचारा. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

तर मंडळी, टायरच्या दुकानात जाण्याआधी एकदा गाडीखाली वाका. जुन्या जीपच्या अ‍ॅक्सलच्या झाकणाला, एका बोल्टखाली, दात्यांची संख्या कोरलेली पत्र्याची छोटी पट्टी असायची. ती सापडली तर वाचा. सापडली नाही तर चाक उचलून फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजून घ्या. तो आकडा कुणीतरी विचार करून ठेवला होता, सैनिकासाठी, शेतकऱ्यासाठी किंवा महामार्गावरच्या नोकरदारासाठी. तुम्ही कुणासाठी गाडी बनवताय ते आधी ठरवा, मग रेशो निवडा, आणि टायर सगळ्यात शेवटी घ्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.